दबावाच्या बौद्ध गटातून बाहेर पडताना

आपल्याकडे, म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबारच्या बौद्ध घरांत, ‘मुलगा पुण्याला गेला आणि धम्माच्या कामाला लागला’ ही बातमी अभिमानाने सांगितली जाते. काही वर्षांनी तोच मुलगा ‘मी आता त्या ग्रुपला जात नाही’ म्हणाला की घरात काय बोलावं ते कोणालाच सुचत नाही. दारू सोडली तर कळतं. नोकरी सोडली तरी कळतं. बौद्धांचा गट सोडला म्हणजे नेमकं काय सोडलं? बाबासाहेबांनी दाखवलेली वाट सोडली का?

उत्तर ‘नाही’ असं आहे. पण ते एका शब्दात दिलं तर मुलालाही पटत नाही आणि आईवडिलांनाही, कारण इथे तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक म्हणजे धम्म. दुसरी, तो शिकवणारी एखादी संघटना, जिला नाव असतं, कार्यालय असतं, पदाधिकारी असतात, वर्गणी असते. तिसरा आपला समाज: जयभीम घालणारी माणसं, वस्तीतला विहार, लग्न लावायला येणारे बौद्धाचार्य. खानदेशात ही तिसरी गोष्ट फार घट्ट आहे. 1937 साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले, त्या आठवणीसाठी आजही 31 जुलैला तिथे गर्दी जमते. एका मुक्कामाची आठवण ज्या समाजाने इतकी वर्षं जपली, त्या समाजात बुद्धाचं नाव स्वाभिमानाशी जोडलेलं आहे. त्यामुळे त्या नावाने चालणाऱ्या गटावर कोणी बोट ठेवलं की बोट आपल्यावरच ठेवल्यासारखं वाटतं. दबाव टाकणाऱ्या गटांना याचा आयता फायदा मिळतो. गटाबद्दल प्रश्न विचारला की तो धम्माबद्दलचा प्रश्न ठरवता येतो, आणि धम्माबद्दलचा प्रश्न समाजाशी गद्दारी ठरवता येतो.

दबाव ओळखायचा कसा

गट काय मानतो यावरून काही कळत नाही. जप करणं, मूर्तीसमोर बसणं, दहा दिवस मौन पाळणं, आठवड्यातून दोनदा जमणं यात काही वाईट नाही. गट कसा आहे ते तुम्ही ‘नाही’ म्हणता त्या दिवशी कळतं. या रविवारी मी येत नाही. या महिन्यात मला दान जमणार नाही. ताईंनी सांगितलेलं मला पटलं नाही. या तीन वाक्यांवर समोरून काय येतं ते पाहा. ‘बरं, पुढच्या वेळी ये’ असं उत्तर आलं तर काळजीचं कारण नाही. त्याच संध्याकाळी दोन सीनियर घरी आले, ‘तुझ्या मनात काहीतरी अडथळा आहे’ म्हणाले, आणि पुढच्या बैठकीत तुमचं नाव न घेता तुमच्याचबद्दल बोललं गेलं, तर तो दबाव आहे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी चीनमध्ये ‘विचार सुधारणे’च्या प्रक्रियेतून गेलेल्या माणसांशी बोलून 1961 साली याची आठ लक्षणं मांडली. आठही इथे घोकायची गरज नाही. आपल्या कामाच्या चार आहेत. माणसाला बाहेरून मिळणारी माहिती आणि माणसं हळूहळू कमी केली जातात. त्याच्याकडून वारंवार खाजगी कबुल्या घेतल्या जातात आणि नंतर त्या त्याच्याविरुद्ध वापरता येतात. त्याचा अनुभव आणि गटाची शिकवण यांत फरक पडला तर अनुभवच खोटा ठरवला जातो. आणि बाहेरच्या लोकांचं आयुष्य कमी मोलाचं मानलं जातं. यांतली तीन-चार लक्षणं एकत्र दिसली तर गटाच्या फलकावर बुद्धाचा फोटो आहे की आणखी कोणाचा, याने फरक पडत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. एकच संघटना एका शहरात अगदी मोकळी आणि दुसऱ्या शहरात गुदमरवून टाकणारी असू शकते, कारण रोजचा कारभार स्थानिक प्रमुखाच्या स्वभावावर चालतो. त्यामुळे ‘माझ्या मावशीला तर तिथे खूप चांगला अनुभव आला’ हे वाक्य खरं असतं, आणि तरी तुमच्या मुलाचा अनुभवही खराच असतो. दोन्ही ऐकून घ्यावं.

माणूस आत जातो कसा

‘इतका शिकलेला, आणि असा कसा फसला?’ हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर असं की शिक्षणाचा याच्याशी फारसा संबंध नाही, एकटेपणाचा आहे. भुसावळहून किंवा दोंडाईच्याहून पहिल्यांदा पुण्याला, सुरतला गेलेला मुलगा घ्या. खोलीत चार जण, त्यातले दोघे रात्रपाळीला. ऑफिसात आडनाव विचारून झाल्यावर काही जण बोलायचे कमी झालेले. अशा वेळी कोणीतरी जयभीम म्हणतं, रविवारी घरी बोलावतं, जेवू घालतं, आजारी पडला तर दवाखान्यात घेऊन जातं. हे प्रेम नाटकी असतं असं समजू नका. बहुतेक वेळा ते खरंच असतं. देणाऱ्यालाही कोणीतरी असंच आत आणलेलं असतं.

पुढे सगळं ठिबकसारखं होतं, थेंब थेंब. आधी रविवारचे दोन तास. मग बुधवारची अभ्यासमंडळी. मग सकाळी लवकर उठून जप, आणि तो किती वेळ केला याची वहीत नोंद. मग एखादी जबाबदारी, ‘तुझ्यात क्षमता आहे’ म्हणून. मग शिबिराचे पैसे. मग नवी माणसं आणायचं लक्ष्य. यातला कोणताही थेंब इतका मोठा नसतो की माणसाने थांबून विचार करावा. केळीचं शेत पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते: ठिबकवरच्या झाडाची मुळं जिथे पाणी पडतं त्याच ओलीत दाटतात, लांब पसरत नाहीत. इथेही तेच होतं. काही वर्षांत सगळे मित्र, सगळे सण, नोकरीच्या ओळखी, कधी कधी लग्नाचं स्थळसुद्धा त्या एकाच ओलीतून येऊ लागतं. त्यामुळे गट सोडायचा म्हणजे केवळ विचार बदलायचा नसतो. ज्या एका जागी मुळं आहेत तिथलं पाणी तोडायचं असतं. ज्यांना हे दिसत नाही ते ‘मग सोडून दे ना!’ असं सहज म्हणतात.

बुद्धाचं नाव घेऊन दबाव कसा येतो

प्रत्येक धर्मातले दबावाचे गट आपापल्या धर्मातली भीती वापरतात. बौद्ध गटांत ती साधारण तीन वाटांनी येते.

पहिली वाट कर्माची. नोकरी गेली, मूल आजारी पडलं, गर्भ राहिला नाही, की ‘तुझं जुनं कर्म वर येतंय, साधना वाढव’. चांगलं घडलं तर श्रेय साधनेला, वाईट घडलं तर दोष तुमच्या श्रद्धेला. या हिशेबात गट कधीच चुकत नाही. ज्या माणसाच्या आजोबांना ‘मागच्या जन्मीच्या पापामुळे तू या जातीत’ असं सांगितलं गेलं होतं, त्याच्या नातवाला बुद्धाचं नाव घेऊन पुन्हा तेच सांगितलं जातं, हे पाहून मला फार त्रास होतो. बाबासाहेबांनी मागच्या जन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला होता, कारण दुःखी माणसालाच त्याच्या दुःखाचा आरोपी करण्यासाठी तो कसा वापरला जातो हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

दुसरी वाट गुरुभक्तीची. तिबेटी वज्रयानात दीक्षेनंतर गुरू-शिष्यांमध्ये एक प्रतिज्ञा असते, आणि ती मोडणाऱ्यासाठी वज्रनरकाची कल्पना आहे. त्याच परंपरेत दुसरी बाजूही आहे: गुरू स्वीकारण्याआधी त्याला बारा वर्षं पारखावं असं सांगितलं जातं. दबावाचे गट नरक लक्षात ठेवतात आणि बारा वर्षं विसरतात. रिग्पा या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत हे उघड्यावर आलं. तिचे संस्थापक सोग्याल रिनपोछे यांच्यावर आठ जुन्या शिष्यांनी जुलै 2017 मध्ये पत्र लिहून मारहाण, लैंगिक शोषण आणि देणगीच्या पैशावरच्या चैनीचे आरोप केले. ते पदावरून बाजूला झाले. पुढे संस्थेनेच नेमलेल्या इंग्लंडमधल्या वकिलांच्या कंपनीने 2018 साली अहवाल दिला की काही शिष्यांचा गंभीर शारीरिक, लैंगिक आणि भावनिक छळ झाला होता. पत्र लिहिणारे नवखे नव्हते. त्यांतल्या काहींनी दशकं तिथे घालवली होती. इतकी वर्षं ते का गप्प होते? गुरूचा राग हा आशीर्वाद समजायचा आणि आपली शंका हा आपला अहंकार समजायचा, असं शिकल्यावर तक्रार करायला मनात जागाच उरत नाही.

तिसरी वाट संख्येची. जपानमध्ये 1930 साली सुरू झालेल्या सोका गाक्काईचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे, आणि तो एकरंगी नाही. तेराव्या शतकातले भिक्षू निचिरेन यांच्या शिकवणीवर ही संघटना उभी राहिली. पहिले अध्यक्ष माकिगुची यांनी युद्धकाळात सरकारी शिंतो पूजेला नकार दिला, 1943 मध्ये त्यांना अटक झाली आणि 1944 मध्ये ते तुरुंगातच वारले. सत्तेला नकार देणाऱ्या माणसाची ही संघटना. पण 1951 मध्ये दुसरे अध्यक्ष तोदा यांनी साडेसात लाख कुटुंबं जोडायचं लक्ष्य जाहीर केलं आणि त्यानंतरच्या आक्रमक प्रचारावर जपानमध्येच मोठी टीका झाली. 1970 साली संघटनेवर टीका करणाऱ्या एका पुस्तकाचं प्रकाशन रोखण्याच्या प्रयत्नावरून वादळ उठलं, आणि तिसरे अध्यक्ष इकेदा यांना जाहीर माफी मागावी लागली. नंतर प्रचाराची धार कमी झाली. 1991 मध्ये निचिरेन शोशू या मूळ पुरोहित संप्रदायाने अख्खी संघटनाच बहिष्कृत केली. सामान्य सदस्याचा विचार करा. काल ज्या पुरोहितांना वंदन केलं ते आज चुकीचे, आणि पुरोहितांच्या मते काल ज्या लोकांबरोबर जप केला ते चुकीचे. एकाच जपाचे दोन मालक झाले, आणि कोणत्यातरी एकाला सोडल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही.

लक्ष्य आलं की माणूस आकडा होतो. ‘या महिन्यात किती जण आणले?’ हा प्रश्न जिथे विचारला जातो तिथे मैत्रीला एक हेतू चिकटतो. बाहेर पडलेल्यांना नंतर सगळ्यात जास्त सलतं ते हेच: आपण ज्यांना आत नेलं त्यांचं काय?

मन उठतं कसं

मन एका दिवसात उठत नाही. समाजशास्त्रज्ञ हेलन रोझ इबॉ स्वतः कधीकाळी कॅथलिक नन, म्हणजे संन्यासिनी, होत्या. त्यांनी 185 माणसांशी बोलून 1988 साली असं मांडलं की कोणतीही मोठी भूमिका सोडताना माणूस साधारण चार टप्प्यांतून जातो: पहिली शंका, पर्यायांचा शोध, निर्णायक वळण आणि मग ‘पूर्वी मी तो होतो’ या नव्या ओळखीत स्थिर होणं. यातला पहिला टप्पा सगळ्यात लांब असतो आणि बाहेरून दिसतच नाही. उलट शंका आलेला माणूस काही काळ जास्त जोराने जप करतो, जास्त बैठका घेतो. मनात दोन परस्परविरोधी गोष्टी एकत्र राहणं त्रासदायक असतं, म्हणून तो आधी शंकेलाच गप्प करून पाहतो. घरच्यांनी हे लक्षात ठेवावं. मुलगा अचानक फारच कट्टर झाला तर तो पक्का झाला असंच नाही, कदाचित आतून हललेला असेल.

वळण येतं ते बहुधा एखाद्या छोट्या गोष्टीने. मोठा घोटाळा उघड होऊनही माणूस टिकतो, पण एखाद्या वाक्याने तुटतो. वडिलांच्या ऑपरेशनसाठी गावी जायचं म्हटलं आणि सीनियर म्हणाले, ‘शिबिर संपवून जा, पुण्य त्यांना अर्पण कर.’ किंवा सोडून गेलेल्या एखाद्या मैत्रिणीबद्दल काल प्रेमाने बोलणारी माणसं आज तिचं नावही घेईनात. अशा वेळी मनात येतं: उद्या मी गेलो तर माझंही असंच होईल. ज्या प्रेमावर आपण उभे होतो त्याला अट होती, हे त्या क्षणी दिसतं. श्रद्धा नंतर जाते किंवा जातही नाही, पण विश्वास तिथेच संपतो.

सोडून जाणाऱ्याबद्दल बुद्ध काय करत

कालाम सुत्त, म्हणजे ऐकीव गोष्ट स्वतः तपासल्याशिवाय मानू नका हा बुद्धाचा उपदेश, आपल्या प्रत्येक व्याख्यानात येतो, म्हणून तो इथे पुन्हा सांगत नाही. दोन कमी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी सांगतो.

बुद्धाच्या उपदेशांच्या दीघ निकाय या पाली संग्रहातल्या पाटिक सुत्तात सुनक्खत्त नावाचा लिच्छवी भिक्षू बुद्धाकडे येऊन सांगतो की मी तुम्हाला सोडून जातोय, कारण तुम्ही चमत्कार दाखवत नाही. बुद्ध त्याला विचारतात: ‘सुनक्खत्ता, मी तुला कधी म्हटलं होतं का, की ये आणि माझ्या आश्रयाने राहा?’ नाही. ‘चमत्कार दाखवीन असं मी तुला सांगितलं होतं का, किंवा तू मला तशी अट घातली होतीस का?’ नाही. मग कोण कोणाला सोडतोय? या सुत्तात सुनक्खत्ताबद्दल कठोर शब्दही आहेत, आणि ते लपवायचं कारण नाही. पण त्याला अडवलं गेलं नाही, त्याच्या दारात माणसं पाठवली गेली नाहीत. पुढे त्याने वैशालीत उघड टीका केली, तीही मज्झिम निकाय या दुसऱ्या संग्रहात नोंदवलेली आहे: हा श्रमण आपल्या तर्काने धम्म सांगतो, आणि तो आचरणाऱ्याला दुःखाच्या अंतापर्यंत नेतो. बुद्ध आपला शिष्य सारिपुत्त याला म्हणतात की निंदा करतोय असं समजून तो स्तुतीच करतोय.

दुसरी गोष्ट उपालीची. नालंदेचा हा श्रीमंत गृहस्थ निगंठ नातपुत्ताचा, म्हणजे महावीरांचा अनुयायी. वाद घालायला आला आणि बुद्धाचं म्हणणं पटून ‘मला उपासक करून घ्या’ म्हणाला. नवा सदस्य, तोही मोठा असामी! आजचा कोणताही लक्ष्यवाला गट त्याला त्याच दुपारी नोंदवून घेईल. बुद्ध त्याला म्हणाले, नीट विचार कर. आणि पुढे म्हणाले, तुझं घर इतकी वर्षं निगंठांसाठी पाणवठ्यासारखं आहे, तेव्हा ते भिक्षेला आले तर त्यांना देत राहा. जुनी नाती तोडायला त्यांनी सांगितलं नाही.

विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांतही, भिक्षूला चीवर (भिक्षूचं वस्त्र) सोडायची वाट मोकळी आहे. समजू शकेल अशा कोणाही माणसासमोर स्पष्ट सांगितलं की पुरे. थायलंडमध्ये आजही तरुण एका वर्षावासापुरते, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांपुरते, भिक्षू होतात आणि परत संसारात येतात, त्यांना कोणी पळपुटा म्हणत नाही. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञा पुन्हा वाचून पाहा. त्यात अष्टांग मार्ग आहे, पारमिता आहेत, चोरी-खोटं-दारू यांना नकार आहे. कोणत्या संघटनेच्या, लीडरच्या किंवा गुरूच्या आज्ञेत राहीन अशी एकही प्रतिज्ञा नाही.

प्रत्यक्ष बाहेर पडताना

आता कामाचं. जबाबदारीचं पद असेल तर चार ओळींचं पत्र किंवा मेसेज पुरतो: अमुक तारखेपासून मी सदस्य नाही, माझं नाव यादीतून काढावं, मला भेटायला येऊ नये. कारणं लिहू नयेत. कारण लिहिलं की त्यावर चर्चा सुरू होते, आणि चर्चेत तयारीची माणसं त्यांच्याकडे असतात. मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवावा. व्हॉट्सॲप ग्रुप मध्यरात्री रागात सोडण्यापेक्षा सकाळी शांतपणे सोडावा. गटातला एखादा माणूस खरंच मित्र असेल तर त्याला वेगळं सांगावं, ‘मैत्री ठेवायची आहे, पण गटाबद्दल बोलायचं नाही.’ तो टिकला तर उत्तम.

घरात गटाने दिलेली पूजेची वस्तू असेल, कागदी गुंडाळी, माळ, फोटो, तर तिची भीती अनेकांना शेवटपर्यंत राहते. ती जाळायची किंवा फेकायची गरज नाही. नीट गुंडाळून संस्थेला परत करा, आणि तेही जड जात असेल तर वर्षभर कपाटात राहू द्या. कपाटातल्या कागदामुळे कोणाचा अपघात होत नाही.

पैशाबद्दल सांगायचं तर मनापासून दिलेलं दान परत मिळणं कठीण असतं. पण पावत्या, बँकेच्या नोंदी, युपीआयचा इतिहास जपून ठेवा. कर्ज काढून दिलं असेल किंवा कोणाच्या खाजगी खात्यावर पैसे गेले असतील तर वकिलाला दाखवा. महाराष्ट्रात सार्वजनिक धर्मादाय संस्थेवर 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते, संस्थेला हिशेब द्यावा लागतो. जळगाव-धुळ्यातही ही कार्यालयं आहेत. जपानने 2022 च्या डिसेंबरमध्ये, भीती घालून मागितलेली धार्मिक देणगी रद्द करता येईल असा कायदा केला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. मात्र मारहाण, डांबून ठेवणं, लैंगिक छळ, धमकी हे गुन्हे आहेत, आणि ‘धम्माची बदनामी होईल’ म्हणून ते पोटात ठेवू नयेत. बदनामी गुन्हा करणाऱ्याने केलेली असते.

एक विचित्र भीती मी ऐकली आहे: गट सोडला तर जातीच्या दाखल्याला अडचण येईल का? मुळीच नाही. बौद्धांना अनुसूचित जातीत धरण्याची दुरुस्ती 1990 साली झाली आणि दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. कोणत्याही खाजगी गटाच्या रजिस्टरचा त्याच्याशी संबंध नाही. धर्म कसा पाळायचा, कोणाबरोबर पाळायचा, की पाळायचाच नाही, हे राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोडलेलं आहे.

नंतरचे महिने

बाहेर पडल्यावर सुटका वाटेल अशी अपेक्षा असते. अनेकांना आधी वाटतं ते रिकामपण. पहाटे आपोआप जाग येते आणि करायला काही नसतं. जप तोंडातून आपोआप सुरू होतो. गाडी पंक्चर झाली तरी ‘हे सोडल्यामुळेच’ असं मनात येऊन जातं. इतकी वर्षं रोज जे मनावर बिंबवलं ते महिनाभरात जात नाही, त्यात वेडेपणा काही नाही. पण झोप उडाली, खाणं सुटलं, जगावंसं वाटेना, तर थांबू नये. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जायची लाज बाळगू नये.

घरच्यांसाठी एवढंच सांगेन की पहिलं वाक्य जपून निवडा. ‘तू गयाच कसाले व्हता तठे?’ आणि ‘आम्ही तुले सांगेल व्हतं ना!’ ही दोन वाक्यं आपल्या तोंडात अगदी तयार असतात. त्यांनी माणूस परत गटाकडे जातो, कारण तिथे निदान जेवायला विचारायचे. ‘चाल, जेवाले बस’ एवढं पुरतं. सविस्तर हकिगत तो स्वतः सांगेल, कदाचित तुकड्यातुकड्यांत, कदाचित दिवाळीनंतर. त्या गटात त्याला जे चांगलं मिळालं तेही ऐकून घ्या. तिथे तो भाषण करायला शिकला असेल, व्यसन सुटलं असेल, इंग्रजी सुधारलं असेल. ते सगळं त्याचं आहे, गटाला परत द्यायचं नाही.

वस्तीतल्या विहारानेही घाई करू नये. असा माणूस वर्षावासाच्या वाचनाला येऊन मागच्या ओळीत बसला तर त्याला लगेच माइक देऊ नका, समितीत घेऊ नका, ‘आमच्याकडेच खरा धम्म आहे’ असं तर अजिबात सांगू नका. हेच वाक्य ऐकून तो थकलेला आहे. तो आला नाही तरी त्याच्या लग्नाकार्याला जा. कायमचं कोणत्याही विहारात जायचं नाही असं त्याने ठरवलं, तर तेही त्याचं आहे.

सगळ्यात अवघड असतं ते नवरा बाहेर आणि बायको आत, किंवा उलट. इथे वादाने काही साधत नाही. वाद झाला की आतल्या माणसाला गटाने आधीच सांगून ठेवलेलं खरं वाटतं, की घरचे विरोध करतीलच. त्यापेक्षा तीन गोष्टी ठरवून घ्याव्या, शक्य झाल्यास लिहून: घरखर्चाला आणि मुलांच्या फीला हात न लावता महिन्याला किती दान द्यायचं, मुलांना बैठकीला न्यायचं की नाही, आणि आजारपणात डॉक्टरचंच ऐकायचं. बाकी तिचा जप, तिची मैत्रीण, तिचं देवघर याबद्दल गप्प राहावं. सोबत तिचं गटाबाहेरचं एखादं नातं जिवंत राहील हे पाहावं: अमळनेरची बहीण, शाळेतली मैत्रीण, शेजारची मावशी. पुढे कधी तिला शंका आली, तर ती पहिल्यांदा बोलेल ती यांच्यापैकीच कोणाशी तरी. तेव्हा त्या बहिणीलाही आधीच सांगून ठेवा, की फक्त ऐकून घे.